आगीचं दार

ॲलिस
९ फेब्रुवारी

एनिड,

ख्रिसमसपर्यंत आपल्या वानारीत मशीन येणार, असं तू लिहिलं होतंस. कुठल्या ख्रिसमसला, ते लिहायचं राहिलं बहुतेक. मागचा गेला, हाही गेला. मी इथे ॲलिस शहरात अजून एक दिवसाआड त्याच खुर्चीत तोच हात पुढे करून बसते आणि मशीन माझं रक्त काढून, धुऊन परत घालतं. मूत्रपिंडं खराब झाली माझी, आणि मला हद्दपार केलं त्यांनी, जसा काही मी कुणाचा खून केला.

रोशेल म्हणते, आई फोन करत जा. माझ्याच लेकीला सांगावं लागतं की लहानपणी वाहून वाहून गेलेले हे कान, त्यांना फोनमधलं काय कळणार. आजाऱ्यांच्या हॉस्टेलच्या फोनमागे आठ माणसं उभी असतात आणि मी "काय? काय?" करत बसते. त्यापेक्षा मिशनच्या बाईनं पट्ट्या मारून शिकवलेलं लिहिणं बरं. टपालाचं विमान निदान माझ्यावर ओरडत नाही.

तू पाठवलेलं कांगारूचं शेपूट मिळालं. मध्ये कितीतरी महिने काही आलं नव्हतं, मला वाटलं बहीण विसरली. हॉस्टेलच्या मागे खड्डा करून विस्तवात पुरलं. इथली बाई धूर बघून धावत आली, पण तोवर झालं होतं. केस काय सुंदर जाळतेस गं आताशा. पूर्वी तुझं शेपूट म्हणजे निम्मे केस दातांत अडकायचे. बाकी इथे रोज भोपळ्याचा लगदा आणि खिडकीतून जुन्या गाड्यांचं दुकान.

आता खरं बोलते. नदीच्या कोरड्या पात्रात आपली माणसं तळ ठोकून असतात, त्यांच्याकडून ऐकलं. तुमच्या दवाखान्याच्या समितीनं मशीन चालवायला शिकायला डार्विनला कोणाला पाठवलं, तर त्याला. रोशेलच्या नवऱ्याला. अख्ख्या वानारीत दुसरा माणूस नव्हता? तो माझा जावई, म्हणजे तुझाही. त्याच्यासमोर आपण जायचं नाही, त्यानं आपल्याकडे बघायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हे लाजेचं नातं तुला मी शिकवायला हवं का? मशीनपाशी तो असेल तर मी खुर्चीत बसू कशी?

आणि माणूस तरी कसा. फुटबॉलच्या नादात माझ्या लेकीला दुसऱ्या गावी घेऊन गेला आणि तिच्या बापाच्या मातीला आणलं नाही. गाडी बंद पडली म्हणे. त्यानंतर त्यानं शेपूट पाठवलं तेव्हा मी सगळ्यांदेखत ते कुत्र्यांना घातलं आणि सांगितलं, याच्या हातचं मांस खाणार नाही. ते आजवर पाळलंय. लाज तर त्याला नाहीच. बाकीचे जावई सासू दिसली की खाकरतात, शीळ घालतात, म्हणजे तिला बाजूला होता यावं. हा कधी खाकरला नाही. सरळ समोर येऊन उभा राहायचा आणि मलाच झुडपात पळावं लागायचं.

मला घरी यायचंय, एनिड. जिवंत यायचंय. इथून आपली माणसं पेटीतून परत जातात, विमानाच्या पोटात, पत्रांच्या पिशव्यांशेजारी. मला तसं यायचं नाही. तू समितीची अध्यक्ष आहेस, तर मला एक तारीख सांग आणि ती खरी कर.

डॉर्कस

---

वानारी
२ मार्च

ताई,

तारीख मागतेस. मीही मागते. ज्याच्याकडे मागते तो म्हणतो, वर विचारतो. वर कोण राहतो ते या वाळवंटात कोणाला ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात आरोग्यखात्याची माणसं आली. सकाळच्या विमानानं आली आणि जेवायला परत गेली. एक मोठ्या टोपीवाली बाई आणि एक नकाशेवाला. मशीनच्या घराचा नकाशा त्यानं वाळूवर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. मी बघितला. खोली एक, खिडकी एक, दार एक. मी विचारलं, दुसरं दार कुठाय?

"आग लागली तर ना?" तो म्हणाला. "त्यासाठी खिडकी मोठी ठेवलीय."

"आग नाही," मी म्हटलं. "लाज."

त्यानं टोपीवालीकडे बघितलं. तिनं विचारलं, ही कोणाची वैयक्तिक अडचण आहे का. मी म्हटलं, बाई, इथे प्रत्येक पुरुष कोणाचा तरी जावई आहे आणि प्रत्येक बाई कोणाची तरी सासू. आपला दवाखाना आपण जुन्या दुकानाच्या पडवीत सुरू केला तेव्हापासून बायकांची वाट पूर्वेकडून आणि पुरुषांची पश्चिमेकडून, म्हणून तर लोक येतात. खात्यानं शेजारच्या गावात पक्का दवाखाना बांधला, एकाच दाराचा, आणि आता त्यात माश्या सोडून कोणी जात नाही. मार्गो सिस्टर माझ्या बाजूनं बोलली. ती इतकी वर्षं इथे नर्स आहे, तिला कळतं. पण नकाशेवाला म्हणतो कसा, पाच मिनिटं दोघांनी एकमेकांकडे पाठ केली तर नाही का चालणार? मी विचारलं, तू तुझ्या सासूच्या खोलीत पाच मिनिटं नागवा उभा राहशील का, पाचच मिनिटं, हवं तर पाठ करून. कानापर्यंत लाल झाला आणि नकाशा गुंडाळायला लागला. टोपीवाली म्हणाली, तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

तू ज्याच्याबद्दल लिहिलंस त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. समितीच्या दिवशी बायका आपल्या झाडाखाली बसल्या होत्या, पुरुष त्यांच्या. नाव पुरुषांकडून आलं. तिघे शिकायला गेले, दोघे डार्विनच्या दारूच्या दुकानापर्यंत पोचले, एक टिकला. एवढंच.

केस नीट जाळलेले आवडले, वाचून बरं वाटलं.

एनिड

---

ॲलिस
३० मार्च

एनिड,

माझ्या शेजारच्या खुर्चीत ती पश्चिमेकडची बाई बसायची, मोठ्यानं हसणारी, जिच्या नातवाचा फोटो मी तुला पाठवला होता. ती गेली. खुर्चीतच गेली. तिचं नाव आता घेत नाही. खोली कोणी झाडली नाही, पानांचा धूर केला नाही, एका दिवसानं त्याच खुर्चीत दुसऱ्याला बसवलं. मी दारात उभी राहिले. म्हटलं, धूर केल्याशिवाय मी या खोलीत येणार नाही. नर्स चांगली पोर होती, पण तिला काही कळेना. कागदावर लिहिलं, रुग्णाने उपचार नाकारले. पुढच्या वेळपर्यंत माझे पाय एवढे सुजले की बूट गेले नाहीत. मग गेले आत. मान खाली घालून त्या खोलीत बसले. तिच्या माणसांना काय वाटलं असेल, याचाच विचार करत बसले.

तेव्हा मला लाज वगैरे सांगू नकोस. ज्या दिवशी त्या खोलीत बसले त्या दिवशी माझी होती नव्हती ती गेली. दाराचं सोडून दे. भीक नको पण कुत्रं आवर, तशी माझी गत झालीय. त्यांना लिही की एक दार चालेल. तो मशीनपाशी उभा राहू दे. मी डोक्यावरून टॉवेल घेईन आणि भिंतीकडे तोंड करून बसेन. मेलेल्या माणसाला कसली लाज आणि कसली सासू.

तुला दार हवंय की मी?

डॉर्कस

---

वानारी
२१ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप रागावले आणि मग दवाखान्यामागे जाऊन रडले. मग तू सांगितलंस ते केलं.

घर तर तोवर आलंच होतं. लांब ट्रकवर अख्खं, भिंतींसकट, खेळण्यासारखं. क्रेननं उचलून ठेवलं. दार एक. माझ्या सूचनेची नोंद कुठल्या कपाटात आहे कोणास ठाऊक. मी समिती बोलावली आणि म्हटलं, ताई म्हणते दाराचा हट्ट सोडा, ती डोक्यावर टॉवेल घेईल. पुरुषांच्या झाडाखाली म्हातारा क्लेम वाळूत काडीनं रेघा मारत बसला. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही, आणि तू जाणतेस, आपल्यात त्याला नाहीच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी रोशेल माझ्याकडे आली. त्याचा निरोप होता. दार एकच राहणार असेल तर तो मशीनचं काम सोडणार.

आता बघ. खात्याचा नियम असा की मशीन द्यायचं तर नर्सबरोबर गावातला एक शिकलेला माणूस हवाच. तो गेला तर मशीन नाही. दार मागावं तर नवा नकाशा, आणि नवा नकाशा म्हणजे पुढचं वर्ष. टोपीवालीनं फोनवर तसंच सांगितलं, फार गोड आवाजात. इकडून तिकडून हात दगडाखालीच. मला कुठे जाऊन ओरडावं कळत नाही. काल कुत्र्यावर ओरडले.

एनिड

---

ॲलिस
६ मे

एनिड,

मला ठाऊक होतं. त्याला फुकटची डार्विनची सहल हवी होती, ती झाली. आता अंगावर काम आलं तर दाराचं निमित्त. मातीला यायचं तेव्हा गाडी बंद, सासूला घरी आणायचं तेव्हा दार नाही. त्याच्या भरवशावर तुम्ही माझा जीव टांगलात.

मला आणखी काही लिहावंसं वाटत नाही. शेपूट मिळालं. भूक नव्हती, तरी खाल्लं.

डॉर्कस

---

वानारी
८ जून

ताई,

मी लिहिणार नाही म्हटलं होतं, पण तुझं हे पत्र वाचून माझा संयम संपला. रोशेलनं मला त्याचे शब्द सांगितले ते जसेच्या तसे लिहिते. तो म्हणाला, "एक दार ठेवलं तर त्या माझ्यासमोर डोक्यावर टॉवेल घेऊन बसतील. त्यांच्यावर ती पाळी माझ्यामुळे येणार असेल तर मी तिथे असणार नाही." एवढंच म्हणाला आणि पाण्याच्या टाकीचं काम करायला गेला. आता तुला हवं ते समज.

पुढचं ऐक, म्हणजे जरा हसशील. म्हाताऱ्या क्लेमनं शेवटी काडी टाकली आणि तोंड उघडलं. म्हणाला, दार म्हणजे काय, भिंतीतलं भोक. भोक पाडायला परवानगी कोणाची लागते? आमच्या पडवीला आम्ही कोणाला विचारून भोकं पाडली होती? मार्गो सिस्टरनं कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, मी हे ऐकलं नाही, मी आज लसी मोजतेय.

तर पुरुषांनी पश्चिमेच्या भिंतीत दार पाडलं. पाण्याचे पाइप कुठून जातात हे एकट्या त्यालाच माहीत, मशीन शिकताना ते शिकवतात, त्यामुळे कापलं त्यानंच. मी अर्थात बघितलं नाही. मी पूर्वेला पाठमोरी बसले होते आणि बायका मला सांगत होत्या. जुन्या दुकानाच्या बर्फखोलीचं दार पडून होतं, ते जाड पत्र्याचं, तेच बसवलं. उघडायला दोन माणसं लागतात आणि बंद केलं की अख्खं घर हादरतं. पण दार आहे, ताई. पूर्वेचं आपलं, पश्चिमेचं त्यांचं. जुलैत मशीन येतंय. तू बॅग भरायला घे.

एनिड

---

वानारी
१५ जुलै

ताई,

बॅग रिकामी कर.

खात्याचा तपासनीस आला. मशीन घेऊन निघालेली गाडी त्याच्या मागेच येत होती. त्यानं बर्फखोलीचं दार बघितलं आणि आधी हसला, मग फोटो काढले, मग हसणं थांबवलं. विनापरवाना भिंत कापली, घराचा दाखला रद्द. त्याच्या माणसांनी आपलं दार काढून वाळूत टाकलं आणि भोकावर फळ्या ठोकल्या. मशीनची गाडी आमच्या डोळ्यांसमोर वळली आणि गेली. पोरं तिच्यामागे विमानपट्टीपर्यंत धावली, त्यांना वाटलं काहीतरी चुकलंय, ड्रायव्हरला सांगितलं तर परत येईल.

दवाखाना समाजाचा, असं त्यांच्याच पाटीवर लिहिलंय. समाजानं एक दार केलं तर ते विनापरवाना. मी त्याला विचारलं, मग समाजानं नक्की काय करायचं असतं? तो म्हणाला, सल्ला द्यायचा असतो.

मला माफ कर. तुला बॅग भरायला सांगायला नको होतं.

एनिड

---

ॲलिस
१९ ऑगस्ट

एनिड,

अक्षर वाकडं आहे कारण हात बांधलेला आहे. नळी घालतात तिथे जखम चिघळली, ताप चढला, आता मोठ्या इस्पितळात आहे. रोशेल येऊन गेली, तिनं तुला सांगितलंच असेल की मी बरी आहे. मी बरी नाही. डॉक्टर पायाशी उभे राहून आपापसात बोलतात आणि मला ऐकू येत नाही म्हणून बरं आहे असं त्यांना वाटतं. पण माणसांचे चेहरे मला लहानपणापासून वाचता येतात.

पडून पडून विचार केला. तो डार्विनला गेला ते सप्टेंबरात, गरमी सुरू व्हायच्या आधी आणि आला जानेवारीत. त्याच महिन्यांत मला शेपूट आलं नाही. तू तर वानारीतच होतीस, टपालाचं विमान चालू होतं, तुझी पत्रं येत होती. मग शेपूटच का नाही आलं? आणि केस. एनिड, तू जन्मात कधी शेपटाचे केस नीट जाळले नाहीस. तुला धीर नाही. आई तुला त्यावरून मारायची.

मला उत्तर नको. खोटंही नको आणि खरंही नको. इतकी वर्षं मी त्याच्या हातचं खाल्लं आणि सगळ्यांना सांगत फिरले की खात नाही. मला राग आला, मग कोणावर करावा ते सुचेना. विमान यायच्या आदल्या दिवशी तो शिकारीला जात असेल. पहाटे उठून जात असेल. माझी शपथ मोडू नये म्हणून तुझं नाव लावत असेल. आणि मी इथे त्याचा उद्धार करत ते मांस चघळत होते.

त्यानं काम सोडू नये असं रोशेलला सांग. तिनं सांगावं. माझा निरोप आहे असं सांगायला हरकत नाही.

मला आता घरी ने. दार असो, फळ्या असोत, काही असो. माझ्याकडे पुढच्या वर्षाइतका वेळ नाही. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही.

डॉर्कस

---

वानारी
११ सप्टेंबर

ताई,

तू नको म्हणालीस म्हणून उत्तर देत नाही. एवढंच लिहिते की केसांबद्दल आई मला मारायची ते बरोबर आहे.

तुझं पत्र हातात घेऊनच मी टोपीवालीला फोन लावला. ती म्हणाली, सांस्कृतिक कारणासाठी दुसरं दार पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात धरलं आहे. माझ्या तोंडात शिवी आली होती. ती गिळली आणि जागी काय आलं ठाऊक आहे? नकाशेवाल्याचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, ठीक आहे बाई, राहू द्या सांस्कृतिक. पण आजारी बाई नळ्यांनी मशीनला बांधलेली असणार आणि एकुलत्या दारापाशी आग लागली, तर तिला कुठून काढायचं? खिडकीतून? ते मला कागदावर लिहून द्या, खाली तुमची सही करा, मी तो कागद दवाखान्यात लावते.

ती म्हणाली, वर विचारते.

आठवडा झाला नाही तोच माणसं आली, ताई. तोच तपासनीस. स्वतः ठोकलेल्या फळ्या त्यानं स्वतः काढल्या. आपण पाडलेल्या त्याच भोकात, इंचाचाही फरक न करता, लोखंडी दार बसवलं. वर हिरव्या दिव्यात पळणारा माणूस. दाखला जागेवर मिळाला. आगीसाठी दार आठवड्यात मिळतं. लाजेसाठी दोन ख्रिसमस जातात आणि मिळत नाही. हसावं की डोकं आपटावं?

पण खातं ते खातंच. दाराला भोंगा लावलाय. दार उघडलं की असा केकाटतो की गावातली सगळी कुत्री एकदम रडायला लागतात. तो बंद करता येत नाही, तसा नियम आहे. पुरुषांनी आत-बाहेर जायचं तर प्रत्येक वेळी भोंगा. नाकापेक्षा मोती जड. मी भांडले, पण मार्गो सिस्टरनं मला बाहेर ओढून नेलं आणि म्हणाली, आज नको, मशीन आत येऊ दे.

मशीन आत आलं. पाणी तपासलं, वीज तपासली. ये, ताई. ऑक्टोबरमध्ये मी स्वतः न्यायला येते. तोवर मरू नकोस.

एनिड

---

ॲलिस
१४ नोव्हेंबर

ताई,

कोणी कुठे बसावं बघ. तुला विमानातून वानारीला उतरवलं, घरी परतलेल्यावर घालतात तसा तुझ्यावर पानांचा धूर घातला आणि दुसऱ्याच दिवशी मला इथे बोलावणं आलं. समितीची अध्यक्ष म्हणून, आणि तेव्हापासून बैठकाच चालल्यात. तुझ्याच हॉस्टेलमध्ये आहे, तुझ्याच खिडकीतून गाड्यांचं दुकान बघते. भोपळ्याबद्दल तू कमीच लिहिलं होतंस.

भांडण भोंग्याचं आहे. भोंगा वाजला की शहरातल्या कुठल्यातरी यंत्रात त्याची खूण उमटते. वानारीत मशीन सुरू झाल्यापासून इतक्या वेळा आग कशी लागते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लागत नाही. तर म्हणाले, म्हणजे आणीबाणीच्या दाराचा गैरवापर. पुढची बैठक सोमवारी. त्यांचं म्हणणं आहे की त्या दाराला काचेच्या पेटीतलं कुलूप लावावं, आग लागली तरच काच फोडायची. म्हणजे परत एक दार. मी एवढी भांडले आणि फिरून तिथेच आले.

मला थकायला झालंय, ताई. मी त्यांना काय सांगू? मार्गो फोनवर म्हणते सगळं ठीक आहे, पण ती अशीच म्हणते. तू कशी बसतेस, तो काय करतो, मला काही ठाऊक नाही. मी तुला एकदाही तिथे बसलेलं बघितलं नाही. लिही. सोमवारच्या आधी विमान आहे.

एनिड

---

वानारी
१७ नोव्हेंबर

एनिड,

तू विचारतेस मी कशी बसते, तर सांगते.

मी सकाळी येते आणि पूर्वेच्या बाजूला, बायकांच्या सावलीत बाकावर बसते. आत तो मशीन मांडत असतो. पाणी, नळ्या, काय काय असतं ते. मला दिसत नाही आणि दिसायला नको. मग भोंगा वाजतो.

पहिल्या दिवशी वाजला तेव्हा बायकांनी कानांवर हात ठेवले. कुत्री रडली, एक पोर रडलं. मी हात ठेवले नाहीत. मी तशीच बसून राहिले, कारण एनिड, मला तो ऐकू आला.

त्या दिवशी मी रोशेलला विचारलं, तुझा नवरा मला बघून कधी खाकरत का नव्हता गं? ती म्हणाली, "आई, तो घसा दुखेपर्यंत खाकरायचा. शीळ घालायचा. तू ढिम्म हलायची नाहीस. त्याला वाटायचं तू मुद्दाम करतेस."

सगळी वर्षं. मी त्याला निर्लज्ज म्हटलं आणि त्याला वाटलं मी निर्लज्ज आहे. दोघांनाही एकमेकांना सांगायची सोय नव्हती.

भोंगा वाजला म्हणजे तो पश्चिमेकडून बाहेर पडला. मग मी पूर्वेकडून आत जाते. मशीन तयार असतं, गुणगुणत असतं. खुर्चीवरची चादर ताणून घातलेली असते, एक सुरकुती नाही. मार्गो सुया घालते. मोठ्या खिडकीतून टेकडी दिसते आणि आपल्या आईचं ते झाड. शहरात पाच तास पाच वर्षांसारखे जायचे. इथे मी झोपते.

आणि परवा खिडकीत फॉइलचं पुडकं होतं. गरम. मार्गो दुसरीकडे बघत म्हणाली, मी हे बघितलं नाही, तुझ्या पथ्यात बसत नाही. मी ते उघडलं. बायका दाराशी होत्या, रोशेल होती, सगळ्यांनी बघितलं. मी शेपटाचा तुकडा तोडला आणि खाल्ला. रोशेल बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

मी सुखात आहे असं समजू नकोस. इथे खुर्ची एकच. आपली किती माणसं अजून तुझ्या त्या हॉस्टेलात भोपळा खातायत, ती तुला जेवताना दिसत असतील. त्यांच्यासाठी परत नकाशा, परत टोपी, परत वर विचारणं. आणि ती पश्चिमेकडची, मोठ्यानं हसणारी, तिच्या गावात तर काहीच आलं नाही. मला खुर्चीत तिची आठवण येते आणि राग येतो, आणि तो राग जात नाही. जाऊही नये.

सोमवारी त्यांना लाज समजावत बसू नकोस. तू दोन वर्षं समजावलंस. एवढंच सांग की डॉर्कस बहिरी आहे, आणि दुसरा माणूस खोलीतून बाहेर गेला हे तिला कळायला हवं, नाहीतर ती आत जाणार नाही आणि मरेल. बहिरेपणाचा त्यांच्याकडे काहीतरी नियम असेल. आगीचा होता तसा. आणि दाराला कुलूप लावलंच, तर मीच काच फोडेन, रोज फोडेन, आणि रोज नवी लावायला त्यांना विमानानं यावं लागेल.

बाकावर बसून लिहितेय. तुला आणखी लिहायचं होतं, पण आत्ताच भोंगा वाजला. तो बाहेर गेला. मी आत जाते.

डॉर्कस